बस म्हटलं की

४ ऑक्टोबर

बस. तीन वेळा. दोनदा जेवताना, एकदा उगाच.

ही पहिली ओळ वाचाबाईसाठी. बोलणं शिकवायला येते ती, दर शुक्रवारी. तिच्या हुद्द्याचं खरं नाव एवढं लांब आहे की ते म्हणेपर्यंत चहा निवतो, म्हणून मी आपलं वाचाबाई म्हणते. तिनंच ही वही दिली. आमचे हे दिवसभरात कोणता शब्द बोलले, किती वेळा, तेव्हा हात कुठे होता, सगळं टिपायचं. टिपलं. आता उरलेल्या पानाचं काय करू? पान कोरं टाकणं माझ्या जिवावर येतं. तेव्हा खालचं सगळं माझं. तिला पहिली ओळ तेवढी वाचून दाखवायची. लिहायला सवड नसेल त्या दिवशी मागच्या पुठ्ठ्यावर नुसत्या रेघा मारेन.

यांना झटका येऊन नऊ आठवडे झाले. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिन्ही एका सकाळी गेली. डॉक्टर म्हणाले, डोकं शाबूत आहे, सगळं कळतं. कळत असेलही. तोंडातून मात्र एकच शब्द निघतो. पाणी हवं तरी बस, नको तरी बस, मुलाचा फोन आला तरी बस.

वाचाबाई म्हणते, माणसानं जन्मभर घासून घासून वापरलेला शब्द कधी कधी असा मागे राहतो. खरं असावं. तीस वर्षं यांनी मेंढ्या पाळल्या, हाताखालून चार कुत्री गेली, आणि सगळ्यांना शिट्टीवर चालवलं. डावीकडे जा, उजवीकडे जा, सावकाश, सगळं शिट्टीनं. बसायला सांगायचं ते मात्र तोंडानं. म्हणायचे, पळवायला शिट्टी चालते, बसायला माणसानं सांगावं लागतं. आता ओठ वाकडे झाले, शिट्टी गेली, 'बस' तेवढं राहिलं.

त्यामुळे घरात गंमत अशी की हे काहीही मागायला तोंड उघडतात आणि काडी असेल तिथे बसते. काडी म्हणजे आमची कुत्री. हाकणारी जात, नऊ वर्षांची, अंगानं नावासारखीच. आज ती पाणी पीत होती, यांना चष्मा हवा होता, हे म्हणाले बस, आणि ही बया तोंडातून पाणी गळत असताना तशीच जमिनीला पोट लावून बसली. मी हसले. मग रडले. कोणी बघत नव्हतं म्हणून बरं.

७ ऑक्टोबर

बस. पाच वेळा. खिडकीशी, बाहेर बघत.

लांडगे पुन्हा आले. दोन मेंढ्या गेल्या, त्यातली एक गाभण. उतारावर लोकर पसरली होती, तीच मला आधी दिसली. उन्हाळ्यात त्रेसष्ट होत्या, आता एकोणसाठ.

मुलाला सांगायचं नव्हतं. पण त्याचा फोन नेमका तेव्हाच आला, आणि मला सकाळच्या पारी खोटं बोलायला जमत नाही. त्याचं आपलं तेच पालुपद, हे तुला एकटीला झेपणार नाही, कळप विकू, तुम्ही दोघं इकडे या. त्याचं घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्या, आणि त्या इमारतीत कुत्रं चालत नाही. मी विचारलं, मग काडीचं काय? त्यावर त्यानं विषय परत मेंढ्यांवर नेला. शेवटी ठरलं ते असं. फेब्रुवारीत मेंढ्या व्यायच्या आहेत. तोवर कळप टिकला तर आम्ही इथेच राहायचं. नाही टिकला तर तो येऊन घेऊन जाणार.

यांचं आता उरलंय काय? ही खिडकी, समोरचा उतार, उतारावरच्या मेंढ्या आणि पायाशी काडी. तेवढं मी जाऊ द्यायची नाही. हट्ट म्हणा हवं तर.

दुसरा कुत्रा आणायचं ठरवलं आहे. हाकणारा नको, राखणारा.

१३ ऑक्टोबर

बस. सहा वेळा. एकदा कुत्रेवाल्यापुढे.

कुत्रेवाला त्याला घेऊन आला. कुत्रा आहे की गादी, समजेना. पांढरा, दीड माणसाएवढा लांब, चेहरा असा की आपणच त्याच्या घरी आलोय. कुत्रेवाल्यानं त्याला मोठं रुबाबदार नाव ठेवलंय, ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. मी त्याला पाहुणा म्हणते.

कुत्रेवाला चहाला बसला तेव्हा त्यानं एक गोष्ट सांगितली. हाकणारी कुत्री मालकाकडे बघून काम करते, राखणारा कुत्रा मेंढ्यांकडे बघून करतो. त्याला हुकूम नसतात. पिल्लू असल्यापासून मेंढ्यांत वाढतो, कुठलाही शब्द शिकवत नाहीत, जे मेंढ्यांमागे धावेल ते वैरी एवढंच त्याला ठाऊक असतं.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, दोन महिने काडीला याच्या देखत मेंढ्या हाकू देऊ नका. रोज तिला याच्यासमोर नुसती बसवा. बसलेली बघून बघून तो तिला घरची धरेल."

हे कान देऊन ऐकत होते. मध्येच म्हणाले, बस. काडी बसली. कुत्रेवाला हसला, बघा, मालकांना समजलं. मी मनात म्हटलं, मालकांना दुसरं येतंय काय.

दोन महिने! तोवर मेंढ्या उतरवायच्या कशा, मी पाठीवर घेऊन? मान डोलावली आणि कपबशा उचलल्या.

१९ ऑक्टोबर

बस. नऊ वेळा. जेवणानंतर पलंगावर हात आपटला.

आठवडाभर एकही मेंढी गेली नाही. परवा लांडग्यांचं ओरडणं ऐकू आलं, वरच्या झाडीतून. पाहुणा उठला, दोनदा भुंकला, परत बसला. तेवढ्यानं भागलं. मेंढ्या त्याच्याभोवती अशा रवंथ करतात की तो जन्मापासून इथलाच.

काडीनं मात्र डोकं फिरवलंय. मी बाजारातून पत्र्याची शिट्टी आणली, यांच्यासारखे सूर काढायचा सराव केला. पहिले चार दिवस काडी माझ्याकडे अशी बघायची की बाई गं, हे काय. मग हळूहळू निघायला लागली. पण मेंढ्यांना वळसा घालून निम्म्या वाटेत येते आणि मध्येच पोट टेकून बसते. शिट्टी फुंकून फुंकून माझे गाल दुखले, ही हलत नाही. दुसरा कुत्रा आला म्हणून रुसली असणार. सवत आली की असंच व्हायचं.

यांनाही पाहुणा आवडलेला नाही. जेवले की ताटाकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात, बस म्हणतात आणि डावा हात पलंगावर आपटतात. ठीक आहे, बस तर बस. ताट उचलते. ताट घासायचंय, लाकडं आत घ्यायचीत, मेंढवाड्याचं दार दुरुस्त करायचंय. मला रागवायला आणि रुसायला वेळ नाही, ते काम घरातल्या इतर मंडळींनी घेतलंय.

२३ ऑक्टोबर

बस. बारा वेळा. खिडकीतून.

चोर सापडला. काडी रुसलेली नाही. हे खिडकी उघडतात आणि बस म्हणून ओरडतात. डाव्या हातानं खिटी काढायला केव्हा शिकले देव जाणे. मी उतारावर जीव तोडून शिट्टी मारतेय, तिकडून हे बस म्हणतात, आणि काडी बसते. तिच्या लेखी मी कोण? शिट्टी मारणारी बाई. हुकूम यांचा.

घरात येऊन मी बोलले. अहो, तिला काम करू द्या, म्हटलं. दार लावायच्या आत मेंढ्या आत यायला हव्यात, लांडगे काय तुमच्या परवानगीनं येतात? यांनी मान हलवली. नाही नाही अशी जोरात हलवली, आणि बोट पाहुण्याकडे. मग काडीकडे. मग बस. मला समजलं. काडी माझी, तो आणलास तर हिला काम देऊ नकोस, असंच ना? माझ्याशिवाय चालतंय हे मला बघवत नाही, असंच ना? मी तोंडावर म्हटलं तसं. यांच्या डोळ्यांत पाणी आलं. झटक्यानंतर तेही लवकर येतं, डॉक्टर म्हणाले होते.

आमच्या बोलण्यात हा शब्द आहे तरी किती ठिकाणी. धक्का बसतो, फटका बसतो, घसा बसतो, धंदा बसतो, विश्वास बसत नाही. एवढ्या सगळ्यातून माणसानं नेमकं काय म्हटलंय ते ओळखायचं कसं?

२ नोव्हेंबर

बस. सतरा वेळा.

यांचा पलंग मागच्या खोलीत हलवला.

मन घट्ट करून हलवला. दहा दिवस सांगून पाहिलं. रोज काडी अर्ध्यात बसते, रोज मेंढ्या फुटतात, एकदा तर सात मेंढ्या अंधार पडेतो बाहेर राहिल्या. खिडकीला कुलूप घालणार होते, पण काचेतूनही आवाज जातो आणि काडीचे कान म्हणजे कान आहेत. मागच्या खोलीची खिडकी लाकडांच्या राशीवर उघडते. तिथून आवाज उतारावर जात नाही. मी स्वतः काडीला बाहेर उभी करून बघितलं.

पलंग ओढताना हे काही म्हणाले नाहीत. पलंग जागेवर लागल्यावर म्हणायला लागले. सतरा मोजले, मग मी बाहेर पडले.

सारं यांच्यासाठीच करतेय. कळप राहिला तर घर राहील. घर राहिलं तर फेब्रुवारीत पलंग परत पुढे आणेन, कोकरं दाखवेन.

३ नोव्हेंबर

बस. चार वेळा. जेवताना पलंगावर हात आपटला.

काडीनं आज काय काम केलं! वाऱ्यासारखी गेली, वळसा घातला, एक मेंढी मागे राहिली तिच्या टाचेला तोंड लावलं, आणि अर्ध्या तासात एकोणसाठच्या एकोणसाठ आत. मला यांना जाऊन सांगावंसं वाटलं. दारापर्यंत गेलेही. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते.

७ नोव्हेंबर

बस. चार वेळा.

वाचाबाई आली होती. पलंग इकडे का, विचारलं. मी म्हटलं, पुढे वारा लागतो. तिनं खिडकीकडे बघितलं, लाकडांकडे बघितलं, आणि पुढचं विचारलं नाही. पहिल्या ओळी वाचून दाखवायला याही वेळी सवड नव्हती, दाराशी मेंढ्या ओरडत होत्या. पुढच्या वेळी, म्हटलं.

१२ नोव्हेंबर

बस. दोन वेळा.

पाहुणा काडीवर गुरगुरला. तिनं एका मेंढीला वळवलं तेव्हा हा उठून मध्ये आला, मान खाली, ओठ वर. काडी बाजूनं निसटली. भांड्याला भांडं लागायचंच. एका घरात दोन सुना असल्या की पहिलं वर्ष असंच जातं.

तरी आल्यावर पाहुण्याला एक दटावणी दिली. त्यानं ऐकून घेतलं की नाही माहीत नाही. ऐकण्याचं त्याला वळण नाही.

१८ नोव्हेंबर

बस. एकदा. हात आपटला.

आज हे मधल्या वाटेत सापडले, चार पायांची काठी धरून, पुढच्या खोलीकडे निघालेले. मागच्या खोलीपासून सहा पावलं. घामानं भिजले होते. मी जेवढं बोलू नये तेवढं बोलले. पडलात तर कोण उचलणार, मी एकटी काय काय उचलू? हाताला धरून परत नेलं. पलंगावर बसवलं तर हात पलंगावर आपटून बस. माझा हात धरायला बघत होते बहुतेक, की काठी हवी होती, माहीत नाही. दूध उतू जायला आलं होतं, मी पळाले.

२५ नोव्हेंबर

शब्द नाही.

मुलाचा फोन होता. सहा आठवडे एकही मेंढी गेली नाही म्हटल्यावर 'बरं' म्हणाला. त्याच्या तोंडून बरं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून आरती. फेब्रुवारीपर्यंत असंच राहिलं तर मी पुन्हा विकायचं नाव काढणार नाही, म्हणाला.

मी जिंकतेय असं वाटलं. यांना सांगितलं. डोळे मिटलेले होते, पण झोप नव्हती, झोपेतला श्वास मला ओळखता येतो.

३० नोव्हेंबर

बस. एकदा.

चूल पेटवलेली नाही. आधी लिहिते. लिहिलं नाही तर उद्या मी स्वतःलाच काहीतरी वेगळं सांगेन.

दुपारीच ढग खाली उतरले. वरच्या उतारावरून मेंढ्या लवकर आणाव्यात म्हणून काडीला पाठवलं. सगळ्या आल्या, एक तरणी मेंढी फुटली आणि झाडीकडे पळाली. मी शिट्टी मारली. काडी मागे गेली. मेंढीच्या टाचेला तोंड लावलं, जरा जोरात लागलं असेल, मेंढी ओरडली.

पाहुणा भुंकला नाही. आवाजच केला नाही. मी त्याला इतक्या जोरात धावताना बघितलंच नव्हतं. काडीनं बघितलं आणि घराकडे सुटली. ती सुटली असती. नऊ वर्षांची असली तरी त्याच्या दुप्पट वेग तिचा. सरळ दाराकडे येत होती, दोघांत चांगलं अंतर होतं.

दारात हे उभे होते. मागच्या खोलीतून सगळी वाट एकटे चालून आले होते, काठी हातात, एक चप्पल पायात. यांनी बघितलं आणि ओरडले. झटक्यानंतर इतका मोठा आणि इतका स्वच्छ आवाज यांचा मी ऐकला नव्हता.

"बस!"

काडी बसली. पळता पळता जिथे होती तिथे, पोट जमिनीला, पाय पुढे, तोंड यांच्याकडे. जशी नेहमी बसते तशी.

मी पोहोचले तेव्हा काठी मारून उपयोग नव्हता. मारली तरी. पाहुणा बाजूला झाला, मेंढ्यांकडे परत गेला आणि त्या ओरडलेल्या मेंढीचा कान चाटायला लागला.

हे उंबऱ्यावर खाली बसले होते, काठी आडवी पडलेली. तोंड उघडं होतं. शब्द नव्हता.

१ डिसेंबर

शब्द नाही.

काडीला लाकडांच्या राशीशेजारी पुरलं. जमीन कडक झाली आहे, दोन तास लागले. हे खिडकीतून बघत होते. ती खिडकी मीच त्यांना दिली होती.

५ डिसेंबर

शब्द नाही.

कुत्रेवाला आला. मी बोलावलं होतं, कुत्रा घेऊन जा म्हणून. त्यानं सगळं ऐकून घेतलं, रागावला नाही. पाहुण्याचं यात काही चुकलं नाही म्हणाला, आणि ते मलाही माहीत आहे. मग त्यानं विचारलं, "रोज समोर बसवत होता ना तिला?"

मी हो म्हटलं.

यांच्यासमोर म्हटलं. हे पलंगावर होते, दार उघडं होतं. मान माझ्याकडे वळवली आणि बघत राहिले. एक शब्द बोलायचा होता, तोही आता नाही. मी काहीही म्हटलं असतं तरी खपलं असतं.

कुत्रेवाला गेल्यावर मेंढवाड्यामागे जाऊन उभी राहिले. कोणीतरी रोज बसवत होतं तिला. खिडकी उघडून, नऊ नऊ वेळा, बारा बारा वेळा. ती मेंढ्यांमागे धावायला लागली की बसवत होतं, पाहुण्याच्या देखत. कुत्रेवाला म्हणाला होता तसंच. त्या दिवशी चहाच्या वेळी माझं लक्ष कपबशांत होतं. यांचं नव्हतं. बोट पाहुण्याकडे, बोट काडीकडे, बस. याहून स्वच्छ सांगायचं तरी कसं माणसानं? आणि मी काय म्हणाले, माझ्याशिवाय चालतंय हे बघवत नाही!

मी त्यांचं तोंड लाकडांच्या राशीकडे केलं. दोन महिने नुसतं त्यांचं ऐकलं असतं तर येत्या आठवड्यात ते पुरे होत होते.

पाहुणा नेला नाही त्यानं. महिनाभर ठेवा, मग बघू म्हणाला. मेंढ्या तरी कोणाच्या भरवशावर ठेवू.

९ डिसेंबर

शब्द नाही. जेवताना हात मांडीवर.

यांना भरवताना आता कुठे थांबायचं ते कळत नाही. घास पुढे केला की तोंड उघडतात. आज मी वाढत गेले आणि हे खात गेले, शेवटी ठसका लागून सगळं बाहेर आलं. पूर्वी बस म्हणायचे. मी आज अहो, बस म्हणा ना, म्हटलं. यांनी माझ्याकडे अशी नजर केली की परत म्हणायची नाही मी.

जो शब्द म्हटल्यावर आपलं माणूस मेलं, तो कोण पुन्हा तोंडात घेईल?

मुलाला कळवलं. काडी गेल्यावर मला मेंढ्या उतरवता येत नाहीत, काल पाच वर राहिल्या आणि आज त्यातल्या दोन नाहीत. पाहुण्याला एका वेळी दोन ठिकाणी राखता येत नाही. मुलगा म्हणाला, आई, आता हट्ट सोड. नव्या वर्षात गिऱ्हाईक घेऊन येतो, म्हणाला. मी सोडते म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. ठेवते म्हटलं, फोन ठेवला.

१२ डिसेंबर

शब्द नाही.

वाचाबाई आली. यांच्याजवळ तासभर बसली, चित्रं दाखवली, गाणं म्हटलं. काही नाही. मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, वही बघू या. आजवर दर वेळी राहून गेलेल्या पहिल्या ओळी मी वाचून दाखवायला लागले. ती डोळे मिटून ऐकत होती. मी वाचलं, बस, नऊ वेळा, जेवणानंतर पलंगावर हात आपटला. पुढे वाचलं, बस, चार वेळा, पलंगावर हात आपटला. पुढे, बस, एकदा, हात आपटला.

तिनं डोळे उघडले.

"काकू, आपटला की थोपटला?"

मी म्हटलं, म्हणजे?

तिनं बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर हलकेच हात मारला, दोनदा. माझ्याकडे बघत.

मी भाजी ढवळायला उठले. भाजी चुलीवर नव्हतीच. तिला पाठ करून तशीच उभी राहिले. तिनं चित्रं पिशवीत भरली, म्हणाली, पुढच्या शुक्रवारी येते, आणि गेली.

थोपटला. रोज ताटाकडे न बघता माझ्याकडे बघून. त्या दिवशी घामानं भिजून सहा पावलं चालल्यावरसुद्धा. मी म्हणायची, बस तर बस, आणि ताट उचलायची.

१३ डिसेंबर

शब्द नाही.

पलंग एकटीनं ओढून परत पुढच्या खोलीत आणला. खिडकी तीच. उतारावर मेंढ्या, मध्ये पाहुणा. पायाशी कोणी नाही. यांनी एकदा पायाशी बघितलं, मग खिडकीबाहेर.

दुपारी पुठ्ठ्यावरच्या रेघा आणि वहीतल्या पहिल्या ओळी यांची बेरीज केली. दोनशे सदतीस. त्यातले अर्धे काडीचे धरले. काही खरंच पोट भरल्याचे धरले, काही पाण्याचे, चष्म्याचे. कितीही कापले तरी माझ्या वाट्याचे साठ-सत्तर उरतात. काडीला एकदा सांगितलं की पुरायचं. ती पाणी पिताना बसली, पळताना बसली, मरताना बसली. मी एकदाही बसले नाही.

जेवण झाल्यावर ताट तिथेच ठेवलं आणि पलंगावर बसले. यांच्या डाव्या हाताशी. हात मांडीवर होता, तो हलला नाही. मी म्हटलं, अहो, बसले बघा. यांनी बघितलं नाही. बाहेर ऊन उतरत होतं, मेंढ्या आत आणायची वेळ होऊन गेली, कोणीतरी उठून आणायला हव्या होत्या.

मी बसून राहिले.